रेडिओला घातलेला हार

मास्तर गेल्याची बातमी भाईंदरला वर्तमानपत्रातून आली. स्टेशनवरच्या हमालाने ती चहाच्या हॉटेलात मोठ्याने वाचून दाखवली, तेव्हा ऐकणाऱ्यांतल्या दोघातिघांनी हातातला पेला खाली ठेवला. मीही तिथे होतो. मी ठेवला नाही. चहा संपवला आणि दुकानावर आलो. दुकानात माझा धाकटा भाऊ गोणपाटावर बसून एका गिऱ्हाइकासाठी दोर मापत होता.

"तुझे मास्तर गेले," मी त्याला म्हणालो.

त्याने हातातला दोर तसाच धरून ठेवला. मग पुन्हा पहिल्यापासून मापायला लागला.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. मुंबईत गिरण्यांचे, गोदीचे, रेल्वेचे फुटबॉलचे संघ असत. त्यांना खेळाडू हुडकून देणारा हा माणूस. पावसाळा लागला की वसईपासून उत्तनपर्यंत गावोगाव फिरायचे आणि कोणाच्या अंगात काय आहे ते एका सामन्यात ओळखायचे. पुढे लढाईच्या काळात ते रेडिओवर सामन्याची हकिगत सांगायला लागले, तेव्हा ज्यांनी जन्मात चेंडूला पाय लावला नव्हता त्यांनाही त्यांचा आवाज घरच्यासारखा झाला. आमच्या भागात त्यांच्याविषयी वाकडा शब्द काढणारा मी एकटाच. मला काय बोलायचं होतं ते कोणी कधी नीट ऐकून घेतलं नाही, म्हणून इथे लिहितो आहे.

आमच्याकडे फुटबॉल पावसाळ्यातच चालायचा, कारण तेव्हाच माणसं रिकामी असत. पाऊस पडला की मिठागरं बंद. उत्तनच्या होड्या किनाऱ्यावर ओढून झाकून ठेवलेल्या. मग मिठागरातले आम्ही आगरी आणि उत्तनचे ख्रिस्ती कोळी, एरवी आमचा संबंध बाजारात भांडण्यापुरता, ते खाडीकडच्या गुरचरणीवर एकत्र जमायचो. सगळे अनवाणी. चेंडू उत्तनच्या फादरने दिलेला, भिजला की धोंड्यासारखा जड व्हायचा. डोक्याने मारला की दिवसभर मान अवघडलेली.

वडील गेले तेव्हा मी तेरा वर्षांचा होतो, धाकटा नऊचा. आईने मिठागरात टोपल्या वाहिल्या. मी उत्तनहून सुके बोंबील डोक्यावर आणून भाईंदरच्या बाजारात विकायला बसलो. कोणी शिकवलं नाही, कोणी हात दिला नाही. बाजारात एकच गोष्ट शिकलो आणि तिच्यावर घर उभं केलं. पहिल्या शब्दाला हो म्हणायचं नाही. समोरच्याला माल हवा आहे हे त्याच्या डोळ्यांत एकदा दिसलं की टोपली उचलायची आणि पाठ फिरवून चालू लागायचं. चार पावलं, फार तर सात. मागून हाक येतेच. आली नाही असं माझ्या बाबतीत तोवर कधी झालं नव्हतं.

लढाई सुरू व्हायच्या तीन-चार वर्षं आधीची गोष्ट. मास्तर छत्री घेऊन आमच्या गुरचरणीवर आले आणि बांधावर एका उपड्या टोपलीवर बसले. त्यांची बघण्याची तऱ्हाच वेगळी होती. चेंडू डावीकडे गेला की हे उजवीकडे बघणार. उत्तनचा आमचा गोलकीपर मला म्हणाला, "ह्यो आंधला हाय काय रं? चेंडू हिकडं आन् ह्यो बघतो तिकडं!"

त्या दिवशी मी दोन गोल मारले. धाकट्याने एकही नाही. तो मधल्या फळीत खेळायचा आणि चेंडू आला की लगेच दुसऱ्याला देऊन टाकायचा. मला त्याचा रागच यायचा.

सामना संपल्यावर मास्तरांनी खिशातून शिंपल्यांची पुरचुंडी काढली. हीच त्यांची परीक्षा. जमिनीवर काठीने मैदान आखलं आणि मला म्हणाले, "दुसरा गोल झाला तेव्हा कोण कुठे होतं, मांडून दाखव."

मी चार शिंपल्या मांडल्या. एक मी, एक चेंडू, एक त्यांचा गोलकीपर, एक माझ्या अंगावर आलेला माणूस.

"बाकीचे?"

"बाकीच्यांचं मला काय करायचंय? गोल मी मारला."

भोवतीचे हसले. मास्तर हसले नाहीत. त्यांनी धाकट्याला बोलावलं. तो उकिडवा बसला आणि एकेक शिंपली ठेवत गेला, जणू चुलीवरची भांडी खाली काढून ठेवतोय. बावीसच्या बावीस. आमच्या गोलकीपरची शिंपली मात्र त्याने गोलाच्या बाहेर, खांबाच्या मागे ठेवली.

"हा इथे काय करतोय?" मास्तरांनी विचारलं.

"चड्डीची नाडी बांधत होता."

"खोटं हाय!" गोलकीपर ओरडला. मग सगळे त्याच्याकडे बघायला लागले तसा म्हणाला, "आता तुटली नाडी, त्याला मी काय करू?"

तेव्हा मात्र मास्तर हसले.

निकाल ते कधीच चारचौघांत सांगायचे नाहीत. नापास झालेल्याची गावात शोभा होऊ नये, म्हणून प्रत्येकाच्या घरच्या मोठ्या माणसाला बाजूला नेऊन छत्रीखाली हळू आवाजात सांगायचे. आमच्या घरातला मोठा मीच. त्यांनी मला आणि धाकट्याला मिठागराच्या बांधाशी नेलं.

"हा मला हवा," ते म्हणाले. "सोमवारी गिरणीच्या मैदानावर पाठव. नोकरी, राहायची जागा, मी बघतो. असा पोरगा मला चार वर्षांत मिळालेला नाही."

त्यांच्या डोळ्यांत मला ते दिसलं. माल हवा असलेल्या माणसाचे डोळे मी रोज बघत होतो.

"एकटा नाही येणार तो," मी म्हणालो. "घ्यायचं तर दोघांना घ्या."

"तू नाही. तू जोरात मारतोस, पण तुला तुझ्याशिवाय कोणी दिसत नाही."

माझं डोकं फिरलं. दोन गोल मारले होते मी. "मग हाही नाही मिळायचा."

"अरे, तो तुझा भाऊ आहे. बोंबलाची टोपली नव्हे."

मी धाकट्याचं मनगट धरलं आणि पाठ फिरवून बांधावरून चालू लागलो. चार पावलं झाली. सात झाली. धाकटा मागे वळून बघत होता, मी त्याचा हात ओढला. "बघू नकोस. बोलावतील." विसाव्या पावलाला मीच मागे बघितलं. मास्तर छत्री झटकत स्टेशनच्या वाटेला लागले होते.

बाकीच्यांनी लांबून एवढंच पाहिलं की मी धाकट्याला ओढत घरी घेऊन चाललोय. संध्याकाळी गावात विचारणा झाली. मी काय सांगणार होतो? सौदा तुटला म्हणून माल परत आणला, असं? मी म्हणालो, "नाही घेतला. त्या माणसाला खेळ कळत नाही." धाकटा शेजारीच उभा होता. तो घरात निघून गेला.

सोमवारी तो मला न विचारता, शेजाऱ्याचा सदरा घालून मुंबईला गेला. संध्याकाळी परत आला आणि माझ्यासमोर उभा राहिला.

"दादा, मास्तर म्हणाले, तुझ्या भावाच्या मर्जीविरुद्ध मी तुला नेणार नाही. घरी भांडण असलं की खेळाडू अर्ध्या मोसमात पळून जातो, म्हणाले. एकदा भावाला घेऊन ये."

आई चुलीपाशी होती. "जा ना रं एकदा," ती म्हणाली. "त्याचं बरं व्हतंय, तर तुजं काय जातंय?"

"गरज त्यांना आहे," मी म्हणालो. "त्यांना यायला सांग."

"ते नाही येणार, दादा."

"येतील. तुला कळत नाही त्यातलं."

आठवडा गेला, पावसाळा गेला. मिठागरं सुरू झाली. पुढच्या वर्षी मास्तर वसईला येऊन गेले, उत्तनला येऊन गेले. आमच्या गुरचरणीवर आले नाहीत. वाट वाकडी करून यायला पाऊण तासही लागला नसता. माझी तक्रार आहे ती एवढीच. बावीस माणसं मैदानात कुठे उभी आहेत हे ज्याला न बघता समजायचं, त्याला बांधावर पाठमोरा चाललेला एक माणूस कशाची वाट बघतोय एवढं समजलं नाही? समजलं असणारच. समजूनही त्यांनी हाक मारली नाही, असंच मी धरून चालतो.

धाकट्याने त्यानंतर फुटबॉल सोडला. माझ्याबरोबर बाजारात बसायलाही तयार होईना. घोडबंदरच्या खाडीत रेती काढणाऱ्या होडीवर जाऊ लागला. तिथे माणूस तळाशी बुडी मारतो, डोल म्हणजे मोठी बादली रेतीने भरतो आणि वरचे दोघे दोराने ती खेचून घेतात. धाकटा वर खेचणाऱ्यांतला. तिसऱ्या वर्षी एकदा भरलेली डोल सुटली आणि दोराचा वेढा त्याच्या गुडघ्याला बसला. हाडवैद्याने बसवलेलं हाड वाकडंच बसलं. मी त्याला खाडीवरून खाटेवर घालून आणला. सगळ्या वाटेत तो एकदाही ओरडला नाही, आणि मला ते ओरडण्यापेक्षा वाईट वाटलं. तोवर माझं स्वतःचं दोर, जाळी आणि खड्या मिठाचं दुकान झालं होतं. त्याला तिथे बसवला. दुसरं करणार काय होता तो?

लढाई सुरू झाली आणि हॉटेलवाल्याने बॅटरीवर चालणारा रेडिओ आणला. सामन्याच्या दिवशी संध्याकाळी मास्तर त्यावर बोलायचे. आरडाओरडा नाही, मोठे शब्द नाहीत. समोर बसून सांगावं तसं सांगायचे. शेवटी न चुकता अशा एखाद्या खेळाडूचं कौतुक करायचे, ज्याच्याकडे सगळ्या सामन्यात चेंडू जेमतेम चारदा आला असेल. "तो तिथे उभा होता म्हणून दुसऱ्याला वाट मिळाली," असं काहीतरी.

हॉटेलात त्यांना ऐकायची एक पद्धत पडली. एका बाजूच्या अकरा शिंपल्या, दुसऱ्या बाजूचे अकरा चिंचोके. फरशीवर खडूने मैदान. मास्तर सांगतील तशा शिंपल्या हलायच्या, आणि त्या हलवायचा धाकटा. इतरांचं भांडण व्हायचं, ह्याला इथे ठेव, त्याला तिथे ठेव. धाकट्याने ठेवली की कोणी बोलायचं नाही. दुकानात माझ्याशी दिवसभरात दहा शब्द न बोलणारा हा माणूस तिथे वाकडा पाय पसरून बसायचा आणि त्याचा चेहरा उजळायचा. कोणाच्या आवाजाने? ज्याने त्याला बांधावर सोडलं त्याच्या.

एकदा मला ते सहन झालं नाही. मी आत गेलो आणि पायाने सगळं मैदान उधळून दिलं. शिंपल्या बाकांखाली गेल्या. हॉटेलवाला अंगावर धावून आला. धाकट्याने त्याला हाताने थांबवलं, सरपटत जाऊन एकेक शिंपली गोळा केली आणि होती तिथे परत मांडली. माझ्याकडे बघितलंही नाही. रेडिओवर मास्तर बोलतच होते.

स्वातंत्र्य मिळालं त्याच्या पुढच्या पावसाळ्यात मास्तर गेले. रविवारी दुपारी हॉटेलात सगळ्यांनी जमायचं ठरलं. मास्तरांचा फोटो कोणाकडेच नव्हता. शेवटी हॉटेलवाल्याने रेडिओच टेबलावर मांडला आणि त्याला झेंडूचा हार घातला. उत्तनच्या गोलकीपरने चर्चमधून दोन मेणबत्त्या आणल्या होत्या, त्या दोन्ही बाजूंना लावल्या. मी दुकान बंद करून गेलो, ते शोक करायला नव्हे. मनाशी ठरवलं होतं, आज सगळ्यांसमोर एकदा धाकट्याच्या तोंडून निघालं पाहिजे की मास्तर चुकले. दुसऱ्या कोणी म्हणून उपयोग नव्हता. त्याने म्हटलं की माझ्या छातीवरचं ओझं उतरणार होतं.

हमालाने आधी सांगितलं, की मास्तरांनी कधी त्याला आपली पिशवी उचलू दिली नाही. पण गाडी यायला वेळ असला की त्याला विचारायचे, फलाटावर या घडीला किती माणसं आहेत, न बघता सांग. मग गोलकीपर उठला. आता त्याचे केस पिकले होते.

"मना मास्तर काय बोलले ठावं हाय? बोलले, तू होडीवरच जा. तू चेंडूकडं बघतोस ते बोंबील बघितल्यासारखा. पकडायच्या आधी भाव ठरवतोस!"

हसता हसता त्याने डोळे पुसले. तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की मास्तरांनी नापास केलेली माणसंच तिथे जास्त होती, आणि प्रत्येकाला त्याचा अभिमान होता. त्या डोळ्यांनी आपल्याला एकदा पारखलं होतं, एवढं त्यांना पुरत होतं.

मी उभा राहिलो. "आणि माझ्या भावाचं काय? याच्यासारखा खेळणारा या खाडीच्या दोन्ही काठांना नव्हता. त्याला का सोडला तुमच्या मास्तरांनी? आज हा वाकड्या पायाने दोर मापतो, ते कोणामुळे?"

"शेटजी, माणूस मेलाय," हॉटेलवाला म्हणाला. "आज तरी नको."

"आजच. विचारा त्याला."

गोलकीपर धाकट्याकडे वळला. "सांग रं बाबा. तू तं माजी नाडीबी मांडलीस त्या दिवशी. तरी घेतला न्हाय. का?"

धाकट्याने भिंतीला टेकवलेली काठी हातात घेतली, पण उठला नाही.

"पाय जड होते माझे," तो म्हणाला. "डोळ्याने दिसायचं, पण पाय पोचायचे नाहीत. मास्तरांनी एका सामन्यात ओळखलं. त्यांचं बरोबर होतं."

हमालाने मान डोलावली. कोणीतरी हळूच म्हणालं, "बघा, काय नजर होती." मास्तरांच्या मोठेपणात आणखी एक गोष्ट जमा झाली, आणि ती माझ्या भावाने स्वतःला लहान करून दिली.

"खोटं बोलतोय हा!" मी ओरडलो. "जड कसले पाय? वाऱ्यासारखा पळायचा. मास्तरांनी मागितला होता याला. मला छत्रीखाली नेऊन म्हणाले, असा पोरगा चार वर्षांत मिळाला नाही. मीच दिला नाही!"

गोलकीपर हसायला लागला. वाईट बुद्धीने नव्हे. "शेटजी, गिऱ्हाईक मेलं तरी भाव चढवताव काय? बारा वर्सं बोललाव, घेतला न्हाय, खेळ कळत न्हाय. आन् आता बोलताव, मागितला व्हता!"

बाकीचेही हसले. आई तोवर गेली होती, नाहीतर तिने सांगितलं असतं. मी आईची शपथ घेतली. ती तर मी बाजारात रोज घेत होतो, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. मग माझा हात चालला. पेला भिंतीवर फुटला, एक मेणबत्ती पडली, आणि हॉटेलवाल्याने मला दंडाला धरून पायरीखाली उतरवलं.

धाकटा मागाहून आला. रस्त्यात चिखल होता, त्याची काठी रुतत होती. मी त्याच्या बरोबरीने चालत राहिलो आणि विचारलं, "का? त्यांचं नाव राखायला स्वतःला नापास केलंस?"

"त्यांचं नाव मी कशाला राखू? ते चांगलंच आहे," तो म्हणाला.

"मग?"

तो थांबला. गुडघा दुखत असावा, कारण त्याने दोन्ही हातांचा भार काठीवर टाकला.

"दादा, खाटेवर पडून होतो ना, तेव्हाच मी ठरवून टाकलं, की आपण नापास झालो. तसं धरलं की तुझ्या हातचं जेवता येत होतं. तू म्हणतोस ते खरं धरलं, तर मी तुझ्या दुकानात कसा बसू? तुझ्या तोंडाकडे कसा बघू? मला दुसरं घर आहे का?"

काठी चिखलातून उपसत तो म्हणाला, "आता चल. दुकान उघडायचंय," आणि माझ्या पुढे चालू लागला.

त्यानंतर हा विषय आमच्यात कधी निघाला नाही. पण गावात ती गोष्ट पसरली. दुकानावर कोणी नवखं गिऱ्हाईक आलं, की शेजारचा दुकानदार त्याला धाकट्याकडे बोट करून सांगायचा, "ह्यांना खुद्द मास्तरांनी नापास केलं होतं." गिऱ्हाईक कौतुकाने त्याच्याकडे बघायचं. धाकटा मान खाली घालून दोर मापत राहायचा. काही जण माझ्याकडे वळून विचारायचे, "खरं का हो शेटजी?"

मास्तरांवरचा माझा राग तसाच आहे. पण गिऱ्हाइकाला मी सांगायचो, "खरं आहे. पाय जड होते त्याचे." आणि विचारायचो, दोर किती हवाय.